जुन्या कॉम्प्युटरवर गेम चालतील का?

दिवाळीच्या सुट्टीपासून एकच प्रश्न आमच्याकडे फिरून फिरून येतो आहे. अमरावतीत पालक विचारतात, अकोल्याला नातेवाइकांकडे गेलो तर तिथेही तेच. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टकडून त्याला मिळणारी नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ त्या मशीनवर चढत नाही. दुकानदार म्हणतो, नवा घ्या. आम्ही म्हणतो, त्याच मशीनवर लिनक्स टाका, एक रुपया लागत नाही. अब्बू-अम्मी लगेच राजी होतात. मागून पोरगा विचारतो, "पण सर, त्याच्यावर गेम चालतेत काय?"

हा प्रश्न हसून सोडण्यासारखा नाही. घरचा कॉम्प्युटर वापरात राहणार की कपड्याखाली झाकून पडणार, हे बहुतेक घरांत मुलंच ठरवतात आणि गेमवरूनच ठरवतात. आपल्या वऱ्हाडात एमएस-सीआयटीच्या निमित्ताने कित्येकांनी पहिल्यांदा माऊस धरला, तोही विंडोजवर. त्यामुळे कॉम्प्युटर म्हणजेच विंडोज, अशी समजूत घट्ट बसली.

लिनक्सची सुरुवात १९९१ साली झाली. हेलसिंकीला शिकणाऱ्या लायनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ते लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कुणीही वाचावं, सुधारावं, पुढे द्यावं. पण गेम बनवणाऱ्या कंपन्या विंडोजसाठीच बनवत राहिल्या. म्हणून लिनक्स म्हणजे ऑफिसचं, सर्व्हरचं काम, खेळायचं नाही, असं वर्षानुवर्षं म्हटलं गेलं. आणि ते खोटंही नव्हतं.

यावर उपाय शोधणारं एक काम १९९३ पासून चालू आहे. त्याचं नाव वाइन. दचकू नका, दारूशी त्याचा संबंध नाही. ती एका इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं आहेत. मराठी न कळणाऱ्या मामीशेजारी बसून भाची जशी प्रत्येक वाक्य उर्दूत सांगते, तसं वाइन विंडोजसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमचं म्हणणं लिनक्सला सांगतं. गेमचं 'स्टीम' नावाचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने २०१३ मध्ये ते दुकान लिनक्सवर आणलं, आणि २०१८ मध्ये याच वाइनवर आधारलेलं 'प्रोटॉन' त्यात बसवलं. त्यानंतर विंडोजसाठी बनलेले हजारो गेम लिनक्सवर चालू लागले. २०२२ मध्ये याच कंपनीने हातात धरून खेळायचं 'स्टीम डेक' काढलं. ते आतून लिनक्सच आहे. खेळणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता उलट बाजू, कारण मुलांना अर्धवट सांगितलं की दुसऱ्या दिवशी ती आपल्यालाच धरतात. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत. ऑनलाइन स्पर्धेत फसवणूक पकडणारे त्यांचे पहारेकरी प्रोग्रॅम लिनक्सला आत घेत नाहीत. एपेक्स लीजेंड्स चालायचा, २०२४ मध्ये त्याचंही दार बंद झालं. शिवाय प्रोटॉनला बऱ्यापैकी नवं ग्राफिक्स लागतं. दहा-बारा वर्षांच्या मशीनवर आजचा मोठा गेम विंडोजनेही चालत नाही, लिनक्सनेही चालणार नाही. कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याला आधी चालवून दाखवायला सांगा.

मग जुन्या मशीनवर काय? 'सुपरटक्सकार्ट' ही पेंग्विन आणि त्याच्या दोस्तांची गाड्यांची शर्यत. पडदा दुभागून बहीण-भाऊ एकाच कॉम्प्युटरवर खेळू शकतात. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. फोन बहुतेक घरांत मुलाच्या खिशात जातो आणि बहीण पाहत बसते. बैठकीतला कॉम्प्युटर मात्र सगळ्यांचा असतो, आणि कोण काय खेळतंय ते स्वयंपाकघरातून अम्मीलाही दिसतं. मशीन जरा बरं असेल तर 'झीरो एडी' टाका. प्राचीन काळच्या राज्यांचा गेम आहे, त्यात आपले मौर्यही आहेत, चंद्रगुप्त आणि अशोकासकट. ठोकळ्यांची दुनिया उभारायला 'लुआंटी' आहे. त्याचं जुनं नाव माइनटेस्ट.

हे तिन्ही खुले आहेत. त्यांत नाणी, पोशाख, बंदुकीचे रंग विकणारं दुकान नाही. फोनवरचा 'फ्री' गेम फुकट असतो तो उतरवून घेईपर्यंत. पुढे अब्बूच्या खात्यातून पैसे कसे जातात ते पुष्कळ घरांनी पाहिलं आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, ते चांगलंच झालं. पण नाणी विकणं त्या बंदीत येत नाही.

दुसरी गोष्ट चोरीच्या कॉपीची. क्रॅक केलेलं विंडोज, पेन ड्राइव्हवरून आलेले गेम, यांत गैर काही आहे असं आपल्याकडे कुणाला वाटतच नाही. उधारीचा रुपया न विसरणारी माणसंही यावर हसतात. तो गेम कुणाची तरी मेहनत आहे, आणि मेहनतीचा हक्क बुडवणं म्हणजे काय हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगायची गरज नाही. आजवर मुलाला नको म्हटलं तर त्याच्यापुढे दुसरं काही ठेवायला नव्हतं. आता आहे.

आपल्या महाराष्ट्रात हे करून पाहिलं गेलं आहे. २००७ मध्ये 'एक मूल, एक लॅपटॉप' या जागतिक उपक्रमातून रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत मुलांच्या हाती हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. आत लिनक्स होतं. त्यात जोड्या लावायचा 'मेमोराइज' नावाचा गेम होता, आणि मुलाला स्वतःची चित्रं, स्वतःचे आवाज घालून नवा गेम तयार करता यायचा. शिक्षक म्हणून आम्हाला त्या लॅपटॉपमधली ही सोय सगळ्यांत जास्त आवडते. त्याच लॅपटॉपसाठी 'सिमसिटी' हा १९८९ चा शहर वसवायचा प्रसिद्ध गेम कंपनीने दिला, आणि २००८ मध्ये 'मायक्रोपोलिस' या नावाने त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला. कर वाढवला की लोक गाव सोडून का जातात, हे आता नववीतला मुलगा त्या गेमच्या आत शिरून वाचू शकतो, बदलूनही पाहू शकतो. फोनवरच्या गेममध्ये तो फक्त बोट फिरवतो.

लिनक्सचे प्रकार पुष्कळ आहेत. सरकारी सी-डॅकचं 'बॉस' आहे, शाळांसाठी त्याची 'एज्युबॉस' आवृत्तीही आहे. घरासाठी आम्ही 'लिनक्स मिंट' सुचवतो, चार जीबी रॅमवर नीट चालतं. देवनागरी आणि उर्दू नस्तालीक दोन्ही त्यात लिहिता येतात.

लगेच विंडोज पुसू नका. मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालू करून पाहता येतं, आतल्या डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा, मुलांना एखादा दिवस खेळू द्या. पसंत पडलं तर लग्नाचे फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून मगच कायमचं टाका. पेन ड्राइव्ह आठ जीबीचा पुरतो. तो रिकामा असावा, त्यावर जे असेल ते पुसलं जातं.