‘भाड्यातून हप्ता निघतो’ म्हणे! कुणाचा?

वाकड, पुनावळे, रावेत, ताथवडे, कुठूनही जा, एक वाक्य पाठ सोडत नाही. होर्डिंगवर आहे, रिक्षाच्या मागे आहे, आणि रीलमध्ये गाडीला टेकून उभ्या राहिलेल्या प्रत्येक ‘इन्व्हेस्टमेंट गुरू’च्या तोंडी आहे. “पैसे बँकेचे, हप्ता भाडेकरूचा, फ्लॅट तुमचा.” ऐकायला इतकं गोड की हिशोब करायचं कुणाच्या मनात येत नाही. आज तो करू या. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात पहिल्या नोकरीवरचा पोरगा ‘सेकंड फ्लॅट’ची भाषा करतोय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मी भाडेकरार नोंदवून द्यायचं काम करतो. लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन लोकांच्या घरी जातो. मालक आणि भाडेकरू समोरासमोर बसतात आणि भाड्याचा आकडा मी टाईप करतो. एजंट फोनवर काय बोलला होता आणि कागदावर काय आलं, यातला फरक मी रोज बघतो.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मालक म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, आयटीत. पहिलाच फ्लॅट, तोही राहायला नाही, भाड्याने द्यायला. वडील गावाहून आलेले, बार्शीकडचे. मी २२,००० टाईप केलं तर पोरगा म्हणाला, “दादा, एजंटने तर पस्तीस सांगितलं होतं.” समोर भाडेकरू नवराबायको मान खाली घालून बसलेले. वडिलांनी विचारलं, “आणि हप्ता किती रं?” तो काहीच बोलला नाही. डाऊन पेमेंटला दोन एकर गेले होते, हे मला नंतर लिफ्टमध्ये कळलं.

आता त्याचाच आकडा घेऊ. फ्लॅट ७० लाखांचा. या रकमेच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ५६ लाख. उरलेले १४ लाख खिशातून. मुद्रांक शुल्क आपल्या महापालिका हद्दीत ७ टक्के, ते झाले ४ लाख ९० हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असताना घेतला तर ५ टक्के जीएसटी, साडेतीन लाख. हे वरचे खर्च बँक कर्जात धरत नाही. म्हणजे ‘बँकेच्या पैशाने’ घ्यायच्या फ्लॅटसाठी पावणेतेवीस लाख रोख लागले. ते नसले की एजंटच सुचवतो, पर्सनल लोन काढा, आईचं सोनं ठेवा, नाहीतर शेत आहेच. गुंतवणुकीची सुरुवातच दुसऱ्या कर्जाने!

साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी ५६ लाखांचा हप्ता येतो ४८,६०० च्या आसपास. त्यात पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच ३९,६६७. भाडं २२,०००. हप्त्याचं सोडा, भाड्यातून व्याजसुद्धा निघत नाही.

आणि ते २२,००० तरी पूर्ण हातात येतात का? दोन भाडेकरूंच्या मध्ये वर्षाला महिनाभर फ्लॅट रिकामा धरा. आले २ लाख ४२ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३ हजार, वर्षाचे ३६ हजार. मालक स्वतः राहत नाही म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागतात, ते मी धरलेच नाहीत. घरपट्टी आणि किरकोळ दुरुस्ती १० हजार. नवा भाडेकरू आणायला एजंटचं एक महिन्याचं भाडं. हातात राहतात १ लाख ७४ हजार. बँकेला वर्षाचे जातात ५ लाख ८३ हजार. फरक भागवायला पगारातून महिना ३४ हजार घालायचे, तेही स्वतः दुसरीकडे भाड्याने राहत असताना! याला लोक ‘पॅसिव्ह इन्कम’ म्हणतात.

उलटा हिशोब केला तर आणखी गंमत. या फ्लॅटचा हप्ता खरोखरच भाड्यातून निघायला हवा असेल, तर कर्ज साधारण १७ लाखांपेक्षा जास्त नको. ७० लाखांच्या फ्लॅटवर १७ लाख! उरलेले ५३ लाख आपले. ज्याच्याकडे ५३ लाख रोख आहेत त्याला ही रील बघायची गरज नाही.

आता “भाडं दरवर्षी वाढतं” हे उत्तर येईल. वाढतं, मीच वाढवलेले करार टाईप करतो. दरवर्षी ५ टक्के धरा, मध्ये खंड नको, भांडण नको. तरी २२ हजारांचे ४८,६०० व्हायला सोळा वर्षं लागतात. सोळा वर्षांनी तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट कुरकुरत असेल आणि शेजारी स्विमिंग पूलवाला नवा टॉवर उभा असेल. भाडेकरू कुठे जाईल?

“टॅक्स वाचतो” हे दुसरं. वाचायचा. जुन्या करप्रणालीत भाड्याने दिलेल्या घराचं नुकसान पगारातून वजा होतं, पण वर्षाला २ लाखांपर्यंतच. नव्या प्रणालीत पगारातून एक रुपयाही वजा होत नाही, आणि आपली बहुतेक पोरं आता नव्या प्रणालीतच आहेत. एजंटच्या एक्सेलमध्ये मात्र अजून जुनाच हिशोब फिरतोय.

तिसरं उत्तर, “किंमत वाढेल.” वाढेलही. हिंजवडीच्या मेट्रोच्या नावावर किती वर्षं फ्लॅट विकले गेले ते आपण बघितलंय. पण मग स्पष्ट सांगा ना, की हा किमतीवरचा सट्टा आहे आणि सट्टा चालू ठेवायला महिना ३४ हजार भरायचेत. ते कळूनही ज्याला खेळायचंय त्याने खेळावं, माझी ना नाही. राग येतो तो सट्ट्याला ‘भाड्याचं उत्पन्न’ म्हणून विकतात त्याचा.

शिवाय हप्ता ठरतो तो आजच्या दरावर. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. ६.७ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी कर्ज घेतलेल्याचा लाखाला हप्ता होता ७५७ रुपये. दर ९.२ झाल्यावर लाखाचं महिन्याचं नुसतं व्याजच झालं ७६७. म्हणजे नव्या कर्जदाराचा सगळा हप्ता व्याजातच जिरायची वेळ आली. बँकांनी गुपचूप मुदती वाढवल्या, चाळिशीतल्या माणसाचं कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेलं. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दर बदलताना कर्जदाराला नीट कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत हे त्याला ठरवू द्या. दर चढला म्हणून भाडेकरू भाडं वाढवून देत नाही, हे लक्षात घ्या.

आता मूळ मुद्दा. पोरांना मूर्ख म्हणणं सोपं आहे, मला ते करायचं नाही. जमिनीचा, फ्लॅटचा सरकारी दर दरवर्षी रेडी रेकनरमध्ये छापून येतो. भाड्याचा असा तक्ता कुठाय? लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार नोंदवणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे कुठल्या भागात, किती क्षेत्राच्या घराला खरं भाडं किती, हे नोंदणी विभागाकडे आधीच आहे. माझ्यासारख्या शेकडो जणांनी एकेक करून टाईप केलेलं आहे. नावं झाका, पत्ते झाका, फक्त भागवार सरासरी दर सहा महिन्यांनी जाहीर करा. खर्च काय येणार? आणि महारेरा. जाहिरातीत नोंदणी क्रमांक हवा, क्यूआर कोड हवा, हे चांगलंच आहे. मग त्याच जाहिरातीत ‘हप्ता भाड्यातून’ लिहिणाऱ्याला विचारा, आकडा कुठून आणला? कर्ज देणाऱ्या बँकेनेही मंजुरीच्या कागदावर दोन ओळी लिहाव्यात, हप्ता इतका आणि या भागातलं सरासरी भाडं इतकं. सही त्याच्याखाली घ्या.

हे होईपर्यंत थांबायला मला वेळ नाही. गेल्या महिन्यापासून दुकानाच्या काचेवर मी एक कागद लावलाय. माझ्या हातून झालेल्या करारांचं भागवार भाडं, वन बीएचके आणि टू बीएचके वेगळं, कुणाचंही नाव नाही. आठव्या दिवशी एक एजंट आला. चहा प्याला, इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, “शेठ, तेवढा कागद काढा ना, धंद्याला लागतंय.” कागद अजून तिथेच आहे. येता-जाता वाचा, फोटो काढा, ज्याचं टोकन द्यायचं ठरलंय त्याला पाठवा. दुसऱ्या भागातले करार नोंदवणारे मित्र ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनी आपापल्या भागातलं भाडं खाली लिहावं.