प्रवेशबिंदू : यंत्राने न घातलेला नियम

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने 'सिस्टीम/३६०' जाहीर केली. लहानमोठ्या अनेक यंत्रांवर एकच प्रोग्रॅम चालावा, ही त्यामागची कल्पना. तिचे श्रेय जीन अ‍ॅमडाल, गेरिट ब्लाव आणि फ्रेड ब्रुक्स यांच्या यंत्ररचनेला दिले जाते. ते रास्तच आहे. पण माझ्या मते अपुरे आहे.

एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला बोलावायचे, तर त्याच्या नेमक्या कोणत्या सूचनेपासून काम सुरू व्हावे? ते ठिकाण म्हणजे प्रवेशबिंदू. असेम्ब्लर भाषेत 'सीसेक्ट' या विधानाने विभागाला नाव मिळते आणि ते बाहेरच्यांना आपोआप दिसते. विभागाच्या मधूनच कोठून प्रवेश द्यायचा असेल, तर 'एंट्री' लिहून ती खूण जाहीर करावी लागते. नाव फार तर आठ अक्षरांचे. म्हणून त्या काळची नावे जुन्या तारेतल्या मजकुरासारखी वाटतात.

प्रवेश झाल्यानंतरच्या शिष्टाचाराबाबत मात्र यंत्र गप्प आहे. रजिस्टर १५ मध्ये प्रवेशबिंदूचा पत्ता, १४ मध्ये परतीचा, आणि १३ मध्ये ७२ बाइटांच्या एका जागेचा. बोलावलेल्या प्रोग्रॅमने बोलावणाऱ्याची रजिस्टरे त्या जागेत जपून ठेवायची आणि जाताना जशीच्या तशी परत करायची. यांपैकी काहीही सर्किटात कोरलेले नव्हते. परतीचा पत्ता रजिस्टर ५ मध्ये ठेवला असता, तरी यंत्राने हरकत घेतली नसती.

संकेतही आयबीएमनेच छापला, असे कोणी म्हणेल. खरे आहे; पण छापणे आणि पाळणे यांत अंतर असते. एकमेकांना कधीही न भेटलेल्या प्रोग्रॅमरांनी तो पाळला, म्हणूनच एकाचे काम दुसऱ्याला वापरता आले.

अनेकदा प्रवेशबिंदूवरची पहिलीच सूचना उडी मारण्याची असे. ओलांडलेल्या त्या जागेत प्रोग्रॅमचे नाव, कधी तारीखही. प्रोग्रॅम चालताना यंत्र ते वाचत नाही. मेमरी डंप चाळणाऱ्या माणसासाठी ते लिहिलेले असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून अस्सल साधन कोणते हवे?

म्हणूनच कपाटाएवढी यंत्रे जपून प्रोग्रॅमांच्या छापील प्रती रद्दीत घालणे मला मान्य नाही. हा संकेत कोणी पाळला, कोणी मोडला, हे त्या कागदांवरच दिसते. यंत्र उघडून कितीही शोधले, तरी ते तिथे सापडणार नाही.