आंबागडच्या मे महिन्यासाठी पंखा

जुन्या गाडीला एसी बसवावा की नाही, या वादात मी पडत नाही. ज्यांना ते पाप वाटतं त्यांनी काचा खाली करून खुशाल फिरावं. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. एसी बसवायचं ठरलंच, तर रेडिएटरचा पंखा कुठला ठेवायचा? कॉम्प्रेसर कुठला, गॅस कुठला यावर लोक आठवडाभर डोकं खाजवतात, आणि पंख्याचा निर्णय मात्र गॅरेजवाल्याच्या "लावून टाकू ना साहेब" वर सोडून देतात. मग गाडी गरम होते आणि खापर फुटतं एसीवर.

निमित्त आहे एका मित्राच्या प्रीमियर पद्मिनीचं. मित्र पुण्यात, गाडी नागपूरच्या घरी. येत्या मे महिन्यात घरचं लग्न आहे आंबागडला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आंबागड म्हणजे भंडारा जिल्ह्यातला तुमसर तालुका, आणि १७०० च्या सुमारास, गोंड राजा बख्त बुलंदच्या काळात, राजाखान पठाणाने बांधलेला तिथला डोंगरी किल्ला. नागपूरहून अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. मागच्या सीटवर आजी, वय ८१. तेव्हा इथे एसी ही चैन नाही, आणि तो भर दुपारी बंद पडणं ही गंमतही नाही.

आता थोडं गणित. घाबरू नका, वजाबाकीच आहे :) रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: त्यातून किती हवा जाते, आणि आतलं पाणी त्या हवेपेक्षा किती जास्त गरम आहे. एसी लावला की रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर येतो, आणि रेडिएटरला मिळते ती कंडेन्सरने आधीच तापवलेली हवा. हिशेबापुरतं धरू की ती १२ अंशांनी तापते. इंजिनचं पाणी ९५ अंशांवर आहे. पुण्यात बाहेर ३५ असेल तर रेडिएटरला ४७ ची हवा मिळते, फरक ४८ अंशांचा. भंडाऱ्याकडे मे महिन्यात ४६ म्हणजे काही बातमी नव्हे (नागपूरने मे २०१३ मध्ये ४७.९ पाहिलंय). तिथे ४६ अधिक १२ म्हणजे ५८, फरक फक्त ३७ चा. तोच रेडिएटर, तीच हवा, पण क्षमता जवळजवळ पाव भागाने कमी. शिवाय कॉम्प्रेसर इंजिनवर ओझं टाकणार ते वेगळंच, आणि ही १०८९ सीसीची चाळीसेक हॉर्सपॉवरची गाडी आहे.

म्हणून "माझ्या मित्राच्या गाडीला पुण्यात असंच केलंय, झकास चालतं" हा सल्ला भंडाऱ्याच्या उन्हात काही कामाचा नाही. सर्व्हरची क्षमता आपण सरासरी ट्रॅफिकवर ठरवत नाही, सेलच्या दिवसावर ठरवतो. इथे सेलचा दिवस म्हणजे वरात. भर उन्हात बँडच्या मागे पावलापावलाने सरकणारी गाडी, काचा बंद, एसी फुल. किंवा तुमसरकडच्या रस्त्यावर मँगनीजने भरलेल्या ट्रकच्या मागे सेकंड गिअरमध्ये रांगणं. साठच्या वेगाला समोरून वारा आपोआप येतो, तिथे पंखा असला-नसला सारखाच. पंख्याची खरी परीक्षा गाडी उभी असताना.

पर्याय मुख्यतः तीन.

पहिला, कंपनीचा मूळ पंखा तसाच ठेवायचा. पद्मिनीत तो वॉटर पंपाच्या शाफ्टवर बसतो आणि पट्ट्यावर फिरतो. मजबूत, ना वायर ना फ्यूज. पण इंजिन आयडलला आलं की तोही मंदावतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी हात वर करतो. एसीशिवाय ठीक. एसीसकट वरातीत, नाही.

दुसरा, तो काढून टाकायचा आणि मागून हवा ओढणारा एकच मोठा इलेक्ट्रिक पंखा लावायचा. सध्या याचीच फॅशन आहे. बहुतेकदा भंगारातून मारुती ८०० चा पंखा येतो. १९८३ मध्ये आलेल्या त्या गाडीत इंजिन आडवं असल्यामुळे पट्ट्यावरचा पंखा रेडिएटरसमोर येतच नाही, म्हणून तिथे इलेक्ट्रिक पंखा लागतोच. पण त्या गाडीची वायरिंगही त्या हिशेबाने केलेली असते. पद्मिनीत पंख्याचे ८ ते १० अँपिअर, एसीचा ब्लोअर, कॉम्प्रेसरचा क्लच आणि रात्री हेडलाइट असं सगळं धरलं तर बेरीज ३० अँपिअरच्या आसपास जाते. जुना डायनॅमो आयडलला जवळपास काहीच देत नाही. अल्टरनेटरही आयडलला त्याच्यावर छापलेला आकडा देत नसतो. शिवाय सगळी मदार एका मोटरवर आणि एका रिलेवर. रिले गेला की प्रवास संपला.

तिसरा, मूळ पंखा राहू द्यायचा, आणि कंडेन्सरच्या पुढे हवा ढकलणारा एक छोटा इलेक्ट्रिक पंखा लावायचा, जो कॉम्प्रेसर चालू झाला की चालू होतो. माझं मत याला.

याच्यावर आक्षेप दोन. एक म्हणजे पुढचा पंखा हायवेला हवा अडवतो. अडवतो, पण पंखा लहान असला तर थोडीच, आणि त्या वेगाला हवा मुबलक असते. दुसरा म्हणजे मूळ पंखा इंजिनची ताकद खातो, आवाज करतो. कबूल. पण त्या बदल्यात काय मिळतं ते बघा: इलेक्ट्रिक पंखा जळाला तर फक्त एसी बंद करायचा, काचा उघडायच्या आणि गाडी तिच्या मूळ अवतारात घरी येते. एक भाग पडला तरी माणूस मुक्कामी पोचला पाहिजे, हा नियम आपण ऑफिसात शिकतो आणि पार्किंगमध्ये विसरतो. (पट्टा तुटला तर मात्र कुठलाच पर्याय वाचवत नाही, कारण वॉटर पंपही त्याच्यावरच असतो. डिकीत एक नवा पट्टा ठेवा.)

हां, गाडी फक्त रविवारी सकाळी पुण्यात फिरणार असेल तर दुसरा पर्यायही चालेल. तिथे वरात नाही आणि ४६ डिग्रीही नाही.

लावताना सांभाळायच्या गोष्टी. पंखा पुढे लावण्यासाठीच बनवलेला घ्या. मागचा पंखा पुढे उलटा बसवून वायरी उलट्या केल्या तर तो फिरतो, पण पात्यांचा बाक चुकीचा पडतो आणि हवा बरीच कमी मिळते. वेगळा फ्यूज, वेगळा रिले, जाड वायर. आणि पंख्याच्या आधी बाकीचा खर्च करा: रेडिएटर आतून साफ करून घ्या, मूळ पंख्याभोवती काउलिंग नसेल तर पत्र्याचं बनवून घ्या, कंडेन्सर आणि रेडिएटरमधली फट फोमने बंद करा. डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर. थर्मोस्टॅट काढून फेकू देऊ नका. भंडारा तलावांचा जिल्हा असला तरी रेडिएटरमध्ये तलावाचं किंवा हापशीचं पाणी नको, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच. यातली निम्मी कामं केली की कित्येकदा लहानसा पंखाही पुरतो.

आणि शेवटी टेस्टिंग. एप्रिलच्या शेवटी, दुपारी दोन वाजता, गाडी उन्हात उभी करा. काचा बंद, एसी फुल, हेडलाइट चालू, इंजिन आयडलला, अर्धा तास. टेम्परेचरचा काटा चढत राहिला तर लग्नाला आजीसाठी दुसरी गाडी सांगा. स्थिर राहिला, तर खुशाल निघा.