पद्मिनीला डिस्क
पावसाळ्यात मारेगाव-वणी पट्ट्यात रपट्यावरचं पाणी ओलांडलं, की जुन्या पद्मिनी गाडीचे ब्रेक लागेनासे होतात. ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी शिरतं, लायनर भिजतात. मग पुढे जाऊन ब्रेक दाबत-दाबत ते सुकवायचे. डिस्क ब्रेकची डिस्क मात्र उघडी असते, पाणी भिरकावून मोकळी होते. १९५३ची ल मान्स शर्यत जॅग्वारनं डिस्कच्याच जोरावर मारली. कुर्ल्यात बनलेली पद्मिनी मात्र ड्रमवरच म्हातारी झाली. आता हौशी लोक पुढच्या चाकांना डिस्क बसवतात. खुशाल बसवा, पण मास्टर सिलिंडरही बदला. जुन्या सिलिंडरमधला, ड्रमसाठी नळीत दाब धरून ठेवणारा वॉल्व्ह तसाच राहिला, तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि चाक तापतं. ब्रेकला बूस्टर नसेल, तर मांडीचा व्यायाम फुकट! मागचे ड्रम राहू द्या. ब्रेक मारल्यावर भार पुढेच येतो.