दंगा : एका शब्दाची दोन वजने

लंडनच्या वृत्तपत्रांत १८९८ च्या उन्हाळ्यात ‘हूलिगन’ हा शब्द झळकू लागला. टोळीने रस्त्यावर धुडगूस घालणाऱ्या पोरांना उद्देशून तो वापरला जाई. हे एक आयरिश आडनाव असावे, असे मानतात. अशा शब्दाची सोय अशी की तो उच्चारताच ‘का?’ हा प्रश्न संपतो.

मराठीतील ‘दंगा’ याहून लवचीक आहे. ‘दंगा करू नका रे’ असे आजी नातवंडांना म्हणते, आणि ‘दख्खनचे दंगे’ हे इतिहासातील एका प्रकरणाचे शीर्षकही आहे. इंग्रजी ‘रायट’चेही तसेच, एके काळी त्यात चैन आणि उधळेपणाचा अर्थ होता. १८६० च्या दंडसंहितेत मात्र तो नेमका झाला : पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदा जमाव आणि त्याने केलेला बळाचा वापर.

या नेमक्या शब्दाने १८७५ च्या घटनेचे बारसे झाले. आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे १२ मे रोजी बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी गुजर सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली. लूट झाली, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे लोण भीमथडी, इंदापूर, शिरूर आणि नगर जिल्ह्यातही पसरले. परंतु जमावाचा डोळा प्रामुख्याने एका वस्तूवर होता : कागद. खतपत्रे, रोखे, हुकूमनामे मागितले जात आणि जाळले जात. कागद हाती आल्यावर पुष्कळ ठिकाणी जमाव निघून जाई. माणसांना इजा होण्याचे प्रसंग विरळ होते. ज्यांची दुकाने फुटली त्या गुजर-मारवाडी घराण्यांत जैन कुटुंबेही होती. त्यांच्या दृष्टीने हा निव्वळ अत्याचारच होता, आणि त्यांची भीती खोटी नव्हती.

मात्र धिंगाणा घालणारे कागदाची निवड करीत नसतात. इंदापूर तालुक्यात तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून १८६७ च्या सुमारास सारा वाढला. अमेरिकेतील युद्ध १८६५ मध्ये थांबल्यावर कापसाचा भाव कोसळला, आणि सारा भरण्यासाठी मिळणारी उसनवारीही पुढे आटली. अंगठा उठवणाऱ्यास त्या कागदात काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते. व्याज मुदलात मिळून नवे खत तयार होई, तेही त्याच लिपीत.

पोलीस आणि लष्कर आले, शेकडो लोक पकडले गेले. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्या निष्कर्षांतून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. शेतकऱ्याला कर्जापायी कैद करणे बंद झाले आणि न्यायालयास खताच्या मागचा व्यवहार तपासण्याची मुभा मिळाली. शेतकऱ्यांच्या दस्तऐवजांसाठी गावोगाव निबंधक नेमण्यात आले, आणि पैसे फेडणाऱ्यास सावकाराने लेखी पावती देणे सक्तीचे झाले.