कोण कोणास म्हणाले?

चार्ल्स डिकन्सची वचने हल्ली कोठेही भेटतात: दिनदर्शिकेत, समारंभातील भाषणाच्या आरंभी, विद्यार्थ्यांच्या निबंधात. खाली सही केवळ ‘डिकन्स’ एवढीच. आमची तक्रार आहे ती या सहीविषयी.

यांतले बहुधा सर्वांत लोकप्रिय वचन जमाखर्चाचे. वार्षिक मिळकत २० पौंड आणि खर्च त्याहून सहा पेन्सांनी कमी, तर माणूस सुखी. तोच खर्च मिळकतीच्या किंचित वर गेला की दुःखी. काटकसरीचा उपदेश म्हणून ते निर्दोष आहे. पण ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये (१८४९-५०) ते उच्चारतो कोण? मिकॉबर. कोठे? कर्जापायी भोगाव्या लागलेल्या तुरुंगवासात. कोणापाशी? कोवळ्या डेव्हिडपाशी. रडत रडत हा उपदेश केल्यावर मिकॉबर त्याच मुलाकडून बिअरसाठी एक शिलिंग उसना घेतो, तो आपल्या बायकोकडून वसूल करण्याची चिठ्ठी त्याला लिहून देतो, रुमाल खिशात ठेवतो आणि प्रसन्न होतो! हा शिलिंग वगळला की उरते ते वाण्याच्या वहीतले शहाणपण. त्यासाठी डिकन्स कशाला हवा?

शिवाय हे शब्द मुळात मिकॉबरचेही नव्हेत. १८२४ साली डिकन्सचे वडील जॉन कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात होते. भेटीस आलेल्या बारा वर्षांच्या मुलाला त्यांनी हाच हिशेब सांगितल्याची आठवण डिकन्सने लिहून ठेवली होती. फॉर्स्टरच्या चरित्रातून ती पुढे प्रसिद्ध झाली. म्हणजे जे वचन आपण निबंधाच्या शेवटी अलगद चिकटवतो, ते एका मुलाने गजांआडच्या बापाकडून ऐकलेले आहे. त्या बापावरचा राग आणि माया ही दोन्ही मिकॉबरच्या हास्यास्पदपणात मिसळली आहेत, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे हा घोटाळा होण्याचे एक कारण सुभाषितांची सवय हे असावे. सुभाषित मुळातच स्वतंत्र असते. ते कोणाच्याही तोंडी शोभते. कादंबरीतले वाक्य तसे नसते. शाळेत ‘असे कोण कोणास म्हणाले?’ हा प्रश्न आपण सर्वांनी कंटाळून सोडवला. महाविद्यालयात आल्यावर तो बालिश मानून आम्ही अध्यापकांनी सोडून दिला, आणि त्याबरोबर बरेच काही सोडले.

‘अ टेल ऑफ टू सिटीज’च्या (१८५९) अखेरीस सिडनी कार्टनच्या नावावर जगभर उद्धृत होणारे जे उद्गार आहेत, त्यांना हा प्रश्न लावून पाहावा. वधस्तंभाशी कार्टन ते उच्चारतच नाही. त्याने आपले विचार बोलून दाखवले असते आणि त्यांना भविष्याची दृष्टी असती, तर ते असे असते, एवढेच निवेदक सांगतो. त्यापुढचा सारा मजकूर त्या ‘तर’वर उभा आहे.