कापलं कशानं, तेही विचारा

विज्ञान प्रदर्शनात रॉकेटसमोर परीक्षक थांबले की पहिला प्रश्न ठरलेला: किती उंच जातं? गेल्या वर्षी माझ्या नातीलाही तोच विचारला. तिनं आकडा सांगितला, परीक्षकांनी मान हलवली आणि ते पुढच्या टेबलाकडं वळले. टेबलाखालच्या पिशवीत एक लाकडी जिग होतं, रॉकेटची नळी सरळ कापायचं साधन, ते कुणी पाहिलंच नाही. माझ्या मते टेबलावर मांडायची वस्तू तीच होती. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली, त्यामुळं हे मत एकतर्फी वाटेल. वाटू दे.

तिच्या रॉकेटात दारू नाही. सायकलच्या पंपानं टाकीत हवा भरायची आणि झटक्यात व्हॉल्व्ह उघडायचा. नळ्या तिनं स्वतःच केलेल्या: पीव्हीसी पाइपवर कागद गुंडाळून, खळ लावून, उन्हात वाळवून. अशा नळीची तोंडं वेडीवाकडीच असतात. ती काटकोनात कापली नाहीत तर वरची टोपी तिरकी बसते, दोन नळ्यांचा सांधा एका अंगानं उघडा राहतो आणि रॉकेट आभाळाऐवजी शेजाऱ्यांच्या गच्चीत जातं. कात्रीनं नळी चेपली. करवतीनं काठाला कुसं निघाली. हातात धरून कटर फिरवला तर रेघ निघाल्या जागी परतलीच नाही, दोन मिलीमीटर चुकली.

मग जिग करायचं ठरलं. चार जुन्या बेअरिंगांवर नळी आडवी ठेवली, म्हणजे ती बोटानं फिरते. नळी चेपू नये म्हणून आत पाइपचा तुकडा. वर बिजागरीवर लाकडी पट्टी आणि पट्टीला कटरचं पातं. दाबायचं नाही, पट्टीच्या वजनानं जेवढं टेकेल तेवढंच. दहा-बारा फेऱ्यांत तुकडा सुटतो. लांबी सारखी यावी म्हणून एका टोकाला ठेपा हवा, तिथं तिनं खिळा ठोकला.

पहिला तुकडा निघाला तो वाकडा. दुसराही. चूक मला दिसत होती, पण मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच म्हणाली, “आबा, खिळा एकाच जागी टेकतोय. तोंड वाकडं असलं की नळी मागंपुढं होणारच की!”

खिळा काढून तिथं सपाट पत्रा उभा केला, गुण्या लावून. आता तोंड कितीही वाकडं असू दे, त्याचा सगळ्यात पुढं आलेला भाग तेवढा पत्र्याला टेकतो आणि फेरीभर तोच टेकून राहतो. नळी जागची हलत नाही. माझी भर एवढीच, की बेअरिंगची एक जोडी केसभर तिरकी केली. फिरता फिरता नळी आपोआप पत्र्याकडं सरकते. सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये जॉब पुढं सरकतो तो याच युक्तीनं.

हल्ली तयार किट मिळतं, नळ्या मापात कापूनच येतात. किटला माझा विरोध नाही. पण किट जोडणाऱ्या पोराला आणि पत्र्याचं कोडं सोडवणाऱ्या पोराला आपण एकाच उंचीनं मोजतो, हे मला पटत नाही.

निदान कोल्हापूरनं तरी तसं करू नये. बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ चित्रपट १९२० साली पडद्यावर आला, हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्यासाठीचा कॅमेरा त्यांनी आधी इथंच, स्वतः जुळवला होता. रॉकेटचंही तसंच. थुंब्याच्या रॉकेट-तळाची जागा निवडण्यात ज्यांचा वाटा होता ते एकनाथ चिटणीस कोल्हापुरात जन्मलेले. तिथून १९६३ साली उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकी बनावटीचं होतं. आपलं रोहिणी-७५ उडालं ते १९६७ मध्ये. त्यातला ७५ हा आकडा उंचीचा नाही, नळीच्या व्यासाचा आहे, मिलीमीटरमध्ये. आपल्या हातानं केलेल्या नळीला तेव्हा किती किंमत होती, ते त्या नावातच आहे.

म्हणून प्रदर्शन भरवणाऱ्यांना एकच विनंती. गुणांच्या तक्त्यात आणखी एक रकाना काढा: हे करायला कोणतं साधन स्वतः बनवलं? त्याला शंभरातले वीस गुण ठेवा. खर्च शून्य.

नातीला बक्षीस मिळालं नाही. आवराआवर चालली होती तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या दोन पोरांनी पिशवीतलं जिग बाहेर काढलं, उलटंपालटं केलं. एकानं बोट लावून विचारलं, “हा पत्रा कशाला गं?”

परीक्षकांनी विचारायचा प्रश्न तो होता.